शिशाने धरून ठेवलेली अक्षरं

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात लॉर्ड मेयर्स वॉक नावाचा रस्ता आहे. तिथल्या एका विटांच्या घराची अख्खी बाजूची भिंत आजही येणाऱ्याजाणाऱ्याला बजावते, की रोज रात्री ‘बाइल बीन्स’ घ्या, म्हणजे तब्येत ठणठणीत, डोळे तेजस्वी आणि अंग सडपातळ राहील. या गोळ्या दुकानांतून केव्हाच गेल्या. गंमत म्हणजे त्यांच्या मागची लबाडी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच एडिनबरोच्या न्यायालयात उघडी पडली होती. ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं गुपित चार्ल्स फोर्ड नावाच्या थोर शास्त्रज्ञाने शोधून काढलं, अशी कथा कंपनीने पसरवली होती. तसा शास्त्रज्ञ नव्हताच आणि शोधही नव्हता. तरी गोळ्या पुढे कित्येक दशकं खपल्या, आणि ही भिंतही निकालानंतर बऱ्याच काळाने रंगवली गेली.

विटांवरच्या अशा पुसट जाहिरातींना तिकडे ‘घोस्ट साइन’ म्हणतात. लंडन, न्यूयॉर्क, शिकागो, कुठल्याही जुन्या व्यापारी शहरात मान वर करून चालायची सवय लावली की बिस्किटं, तंबाखू, पियानो, साबण यांची भुतं दिसू लागतात. कधी शेजारची इमारत पाडली जाते आणि तिच्या आडोशाला राहिलेली भिंत एकदम ताज्या रंगानिशी समोर येते. पण खरं नवल आडोशाच्या भिंतींचं नाही, उघड्या भिंतींचं आहे. आपल्या बाल्कनीचा कठडा चार पावसाळ्यांत पोपडे सोडतो. मग शंभर वर्षं ऊन, हिमवर्षाव आणि गिरण्यांचा धूर खाल्लेला रंग अजून वाचता कसा येतो?

उत्तर एका शब्दाचं आहे: शिसं.

त्या काळी रंगारी तयार रंगाचा डबा फोडत नसे. शिशाचा सफेदा तेलात वाटलेल्या घट्ट लगद्याच्या रूपात पिंपातून यायचा. त्यात अळशीचं तेल, थोडं टर्पेंटाइन आणि हवी ती रंगपूड घालून रंग जागेवरच कालवला जाई. सफेदा करण्याची जुनी पद्धत ऐकली तर नाक मुरडाल. मातीच्या भांड्यात तळाशी व्हिनेगर, वर शिशाच्या गुंडाळ्या, आणि अशा भांड्यांच्या रांगांभोवती घोड्याच्या लिदीचे थर. लीद कुजताना ऊब मिळे आणि कार्बन डायऑक्साइड सुटे. सुमारे तीन महिन्यांनी शिशावर पांढरी कवचं धरलेली असत. रसायनाच्या भाषेत हे शिशाचं कार्बोनेट आणि हायड्रॉक्साइड यांचं संयुग.

दुसरा घटक आपल्या ओळखीचा. अळशी म्हणजे जवस, ज्याची आपण चटणी करतो. नव्या क्रिकेट बॅटला पाजतात तेही हेच तेल. ते वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. त्याच्या मेदाम्लांमध्ये लिनोलेनिक आम्ल निम्म्याच्या आसपास असतं आणि त्या रेणूत तीन दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन त्या बंधांवर येऊन बसतो, शेजारचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पातळ तेलाचं चिवट जाळं तयार होतं. या वाळण्यात तेलाचं वजन सुरुवातीला कमी होण्याऐवजी वाढतं.

आता या जाळ्यात शिसं आलं की काय होतं? सफेदा तेलातल्या आम्लांशी संयोग पावतो आणि शिशाचे साबण तयार होतात. साबण म्हटल्यावर फेस डोळ्यांपुढे येईल, पण हे साबण पाण्यात विरघळत नाहीत. त्यांच्यामुळे रंगाचा पापुद्रा लवचिक होतो आणि पाण्याला दाद देत नाही. वीट उन्हात फुगते, थंडीत आकसते, तिच्याबरोबर हा पापुद्राही ताणला जातो, पण तडकत नाही. उलट आजचा लाडका पांढरा रंग टायटॅनियम डायऑक्साइडचा. त्याच्या सुरुवातीच्या, ‘अनाटेज’ प्रकारच्या कणांची खोड अशी, की अतिनील किरण पडले की ते आसपासच्या तेलाचे रेणू तोडत सुटतात. मग भिंतीवरून हात फिरवला की तळव्याला खडूसारखी भुकटी लागते. पुढे ‘रुटाइल’ प्रकार आणि कणांवरचं संरक्षक आवरण यांनी ही खोड बरीच आटोक्यात आणली.

शिशाची किंमत मात्र रंगाऱ्यांनी मोजली. अमेरिकेत या कारागिरांना ‘वॉल डॉग’ म्हणत. गच्चीवरून दोरांनी सोडलेल्या फळीवर बसून, टोचलेल्या कागदी खाक्यावर भुकटीची पुरचुंडी आपटून ते दोन-तीन मजली अक्षरं भिंतीवर उतरवत. रंग कालवताना, जुना थर खरवडताना शिसं पोटात आणि फुप्फुसात जाई. त्यातून उठणाऱ्या पोटाच्या कळांना इंग्रजीत नावच ‘रंगाऱ्याचा पोटशूळ’ असं पडलं. दुखणं वाढलं की मनगट लुळं पडे, म्हणजे ज्या हाताने ब्रश धरायचा तोच हात जाई. 1910 मध्ये ॲलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाईंनी इलिनॉय राज्यातल्या कारखान्यांत फिरून शिशाच्या विषबाधेचा पाठपुरावा केला. पुढे 1919 मध्ये त्या हार्वर्डच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरांच्या आतल्या रंगकामात सफेदा वापरू नये असा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आणली ती थेट 1978 मध्ये. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं नसावं हा नियम 2016 मध्ये निघाला आणि 2017 मध्ये लागू झाला.

तेव्हा जुन्या भिंतीकडे पाहताना एवढं ध्यानात ठेवायचं, की कोणती जाहिरात उरावी हे मालाच्या गुणावर ठरलेलं नाही. काजळीचा काळा म्हणजे शुद्ध कार्बन, त्याला उन्हाचं काही वाटत नाही. गेरूसारखे लोहाचे तांबडे-पिवळे रंगही टिकतात. वनस्पती किंवा किड्यांपासून काढलेले भडक लाल रंग मात्र लवकर उडतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी पांढरी अक्षरं आणि काळी कड उरते, मधलं चित्र गेलेलं असतं. काही भिंतींवर तर रंगाचा कणही नसतो, तरी अक्षरं वाचता येतात. रंगाने झाकलेली वीट कमी झिजली, उघडी अधिक झिजली, आणि तो फरकच मजकूर होऊन बसला.

एकाच भिंतीवर दोन-तीन जाहिराती एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, त्यात प्रकाशाचा खेळ आहे. भजी ठेवलेला वर्तमानपत्राचा तुकडा आठवा. तेल मुरलं की मागच्या पानावरची अक्षरं दिसू लागतात. कोरड्या कागदात तंतू आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश आत शिरताना किती वळतो याच्या मापात, मोठा फरक असतो, त्यामुळे प्रकाश विखुरतो आणि कागद अपारदर्शक वाटतो. तेलाने हवेची जागा घेतली की फरक मिटतो. शिशाच्या सफेद्याचा अपवर्तनांक सुमारे 2, ताज्या अळशीच्या तेलाचा सुमारे 1.5. या फरकावरच रंगाची झाकण्याची ताकद उभी असते. वर्षांमागून वर्षं जातात तसा तेलाचा अंक चढतो, सफेद्याचे साबण होतात, फरक घटतो आणि वरचा थर पारदर्शक होऊ लागतो. त्यात तो झिजतोही. मग खाली गाडलेली जुनी जाहिरात वर डोकावते.

पाऊस पडून गेल्यावर तर ही भुतं हमखास जास्त ठळक दिसतात. तत्त्व तेच. कोरड्या विटेच्या छिद्रांत हवा असते. तिथे 1.33 अपवर्तनांकाचं पाणी शिरलं की प्रकाश परत फेकला जाण्याऐवजी आत खोल जातो, शोषला जातो आणि वीट गडद दिसते. ओला शर्ट गडद दिसतो तसंच. अक्षरांच्या जागी मात्र जुन्या तेलाने छिद्रं बुजवलेली असतात. तिथे पाणी कमी शिरतं, म्हणून अक्षरं फिकी राहतात आणि भोवतीची वीट काळवंडते.

आपल्याकडच्या जुन्या वस्त्यांत अशी भुतं शोधणाऱ्याने गिलावा विसरू नये. लंडन-न्यूयॉर्कच्या कितीतरी भिंती उघड्या विटांच्या, आपल्या बहुतेक भिंतींवर चुन्याचा नाहीतर सिमेंटचा गिलावा. ताजा चुना प्रखर अल्कधर्मी असतो. त्यावर घाईने तेलरंग चढवला की तेलाचाच पाण्यात विरघळणारा साबण होतो आणि रंग सुटून येतो. जो टिकला त्यावर दिवाळीआधी चुन्याचा नवा हात बसतो.

भुतं जपायची कशी, यावर तिकडे वाद आहेत. वाळूच्या फवाऱ्याने भिंत साफ केली की विटेची भाजलेली कणखर साल निघते आणि शिशाची धूळ रस्त्यावर येते. वरून चकचकीत लेप दिला तर ओल आत कोंडते आणि वीट फुटते. यॉर्कची बाइल बीन्स 2012 मध्ये नव्याने रंगवली गेली, म्हणून ती इतकी लख्ख दिसते. माझ्या मते ती आता स्मारक आहे, भूत राहिलेली नाही. अमेरिकेत जॉर्जियातल्या कार्टर्सविल गावी औषधाच्या दुकानाच्या भिंतीवर 1894 मध्ये रंगवलेली कोका-कोलाची जाहिरात आहे. ती 1989 मध्ये वरचे पंचवीसेक थर काढून मोकळी केली गेली. काही कलावंत तर रंगाला हातच लावत नाहीत. जुन्या खुणांवरून मूळ अक्षरं संगणकावर जुळवतात आणि रात्री प्रोजेक्टरने त्याच भिंतीवर टाकतात. भिंत तासभर नवी होते, दिवा मालवला की पुन्हा जुनी.

सगळ्यांत सरळ मार्ग हार्ली वॉरिक या जाहिराती रंगवणाऱ्या कारागिराचा होता: फिकी पडली की पुन्हा गिरवायची. ‘मेल पाउच’ तंबाखूच्या जाहिराती त्यांनी अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या सुमारे 20,000 कोठारांवर रंगवल्या किंवा पुन्हा गिरवल्या. महामार्गांच्या सुशोभीकरणाचा कायदा 1965 मध्ये आला तेव्हा त्या पुसल्या जाणार होत्या, पण पुढे ऐतिहासिक खुणा म्हणून या कोठारांना सूट मिळाली. वॉरिक ही अक्षरं नुसत्या नजरेच्या अंदाजाने रंगवत.