मंगलाष्टकांचा सूर चढतो तेव्हा

लग्नाच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटची डीव्हीडी करायला घेतली की सगळं लक्ष चित्राकडे जातं. खरी जपायची गोष्ट मात्र आवाज. आजीची हाक, भटजींची मंगलाष्टकं, मागची सनई हे सगळं त्या फितीच्या कडेवरच्या एका अरुंद पट्टीवर असतं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत व्हीएचएसची फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. गाण्यांची साधी कॅसेट ४.७६ सेंटिमीटरने धावते. म्हणजे निम्म्याहूनही कमी वेग, आणि वेग कमी की वरच्या पट्टीतले बारकावे नीट उमटत नाहीत. हाय-फाय यंत्रावर (आवाज चित्राबरोबर फिरत्या हेडने नोंदवणाऱ्या) केलेलं रेकॉर्डिंग याला अपवाद.

डीव्हीडी आवाजाच्या बाबतीत फार कडक आहे. तिला पीसीएम (न दाबलेला आवाज), एसी-३ (डॉल्बी डिजिटल), एमपी-२ आणि डीटीएस (हे तिन्ही दाबलेले) एवढेच प्रकार चालतात. एमपी-३ त्यात नाही. आवाजाचे नमुने (सॅम्पल) घेण्याचा वेग सेकंदाला ४८,००० (पीसीएमला ९६,०००ही चालतात), तर ऑडिओ सीडीचा ४४,१००. सीडीवरून घेतलेली सनई वेग न बदलता ४८,००० म्हणून घातली, तर तासाभराचं वादन ५५ मिनिटांत उरकतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. काळी एकमधली सनई पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये पोहोचते! डीव्हीडीस्टायलरसारखी मोफत सॉफ्टवेअर हा बदल स्वतःच करतात, पण वेगवेगळे तुकडे हाताने जोडताना नमुन्यांचा वेग आधी तपासावाच.

मग प्रकार कुठला निवडायचा? पीसीएममध्ये काहीच गाळलं जात नाही, म्हणून तो मोह होतो. पण दोन तासांचा स्टिरिओ आवाज १.३८ जीबी खातो, ४.७ जीबीच्या तबकडीतला तो जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि तो चित्राच्या वाट्यातून जातो. एसी-३ सेकंदाला १९२ किलोबिट ठेवला तर तेवढंच काम सुमारे १७३ एमबीत होतं.

हे कसं जमतं? मोठा सूर लागला की त्याच्या शेजारच्या कंपनसंख्येचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. सनई टिपेला असताना तिच्या जवळपासची फितीची खरखर दडते. एसी-३ आवाजाची कंपनसंख्येच्या लहान लहान पट्ट्यांत विभागणी करतो आणि दडलेल्या भागांवर बिट खर्चत नाही. जुन्या फितीसाठी हा सौदा निःशंक करावा, असं माझं मत आहे.

मात्र ही गाळणी एकदाच लावावी. कॅसेटवरून आधी वेव्ह (न दाबलेली) फाइल घ्यावी, ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये खरखर कमी करावी आणि एसी-३ अगदी शेवटी करावा. खरखर घालवतानाही हात राखून. फार जोर लावला की बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं आणि आजीचा आवाज आजीचा राहत नाही.

एक धोका उशिरा दिसतो. चित्र एका उपकरणातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून घेतला, तर दोघांची घड्याळं तंतोतंत जुळत नाहीत. लाखात पाचाचा फरक असला तरी दोन तासांअखेर आवाज सुमारे ०.३६ सेकंद पुढेमागे होतो आणि ओठ व शब्द फारकत घेतात. म्हणून तबकडी टीव्हीच्या प्लेअरवर लावावी आणि सुरुवात नव्हे, शेवटची दहा मिनिटं पाहावीत.