दीव: आखाताच्या वाटेवरचा जकात नाका

सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला खेटून असलेलं दीव बेट जेमतेम अकरा किलोमीटर लांब आहे. मधली खाडी इतकी चिंचोळी की पूल ओलांडताना आपण बेटावर आलो हे कळतही नाही. एवढ्याशा जागेसाठी पोर्तुगीज, गुजरातचे सुलतान, इजिप्तचे राज्यकर्ते मामलूक आणि पुढे तुर्क सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात एकमेकांशी झुंजले. कारण बेटावर शोधू नका, नकाशात पाहा. खंबायत हे तेव्हा गुजरातचं बडं बंदर, पण त्याच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक अफाट आणि तळाशी गाळ. मोठं जहाज आत नेलं की रुतायची भीती. म्हणून अरबस्तान-इराणकडून आलेला बराचसा माल दीवला उतरे आणि लहान होड्यांतून पुढे जाई. ज्याच्या हाती दीव, त्याच्या हाती जकात.

हे सगळ्यांत आधी ओळखलं ते सुलतान महमूद बेगड्याचा सुभेदार मलिक अयाझ याने. खाडीत बुरूज बांधून त्याने तोंडाशी लोखंडी साखळी ताणली. 1508 मध्ये त्याने आणि मामलूक सेनापती अमीर हुसेनने मिळून चौलच्या बंदरात पोर्तुगीज आरमाराला गाठलं. त्या लढाईत व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सु मारला गेला. सूडाने पेटलेल्या बापाने वाटेत दाभोळ जाळलं आणि 3 फेब्रुवारी 1509 रोजी दीवसमोर संयुक्त आरमाराचा धुव्वा उडवला. एवढं करूनही त्याने दीवला किल्ला बांधला नाही. समुद्रावर जिंकता येईल, पण जमिनीवर माणसं ठेवून ते राखणं परवडणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

किल्ला मिळाला तो तलवारीपेक्षा सुलतानाच्या अडचणीमुळे. 1531 चा पोर्तुगीज गव्हर्नर नुनु द कुन्याचा मोठा हल्ला फसला होता. मग मुघल बादशहा हुमायून गुजरातवर चालून आला आणि सुलतान बहादूरशहाला मित्र हवा झाला. 1534 च्या तहात त्याने वसई आणि मुंबईची बेटं दिली, पुढच्या वर्षी दीवला किल्ला बांधायची परवानगीही दिली. हुमायून माघारी गेल्यावर अर्थातच पश्चात्ताप झाला. फेब्रुवारी 1537 मध्ये पोर्तुगीज गव्हर्नरच्या जहाजावर भेटीला गेलेला बहादूरशहा परतताना झटापटीत मारला गेला.

त्यानंतर गुजरातच्या फौजांनी पोर्तुगीजांच्या किल्ल्याला घातलेले दोन वेढे, 1538 चा आणि 1546 चा, ठाऊक नसतील तर किल्ला पाहून काहीच उमगत नाही. दुसऱ्या वेढ्यात तटबंदी सुरुंगांनी इतकी खिळखिळी झाली की तेव्हाचा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याला ती जवळजवळ नव्याने बांधावी लागली. खजिना रिकामा होता. त्याने गोव्याच्या नगरसभेकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले! आज दिसतो तो मुख्यतः या वेढ्यानंतरचा किल्ला. तीन बाजूंना पाणी आहे, तरी सर्वांत जाड तटबंदी आणि दुहेरी खंदक शहराच्या दिशेने, पश्चिमेला. दोन्ही वेळा शत्रूने जमिनीवरून कोंडी केली होती, त्याचा हा धडा. बरेच लोक समुद्राकडच्या तोफांपाशी फोटो काढून परततात. उलट किल्ल्यात शिरतानाच्या पुलावर थांबून आधी खंदक पाहावा. ओहोटीला गेलात तर खडक किती खोल फोडला आहे ते कळतं.

दगड इथलाच, किनाऱ्यावरचा चुनखडीचा. मऊ असल्याने छिन्नीने सहज कापला जातो. गावाबाहेरच्या नायडा गुंफा म्हणजे किल्ल्यासाठी दगड काढलेल्या खाणी, असं सांगितलं जातं. भिंती पाहिल्या की ते पटतं: निसर्गात न आढळणारे काटकोन, चिरा काढून घेतल्यावर उरलेल्या पायऱ्या, छतात चौकोनी भोकं. प्रकाश वरूनच येतो, त्यामुळे ऊन डोक्यावर असताना जावं. संध्याकाळी आत काळोख होतो आणि जमीन खाचखळग्यांची. हाच मऊपणा इमारतींना भोवतो. खारा वारा दगडात मीठ भरतो, पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. चर्चच्या भिंतींना पुन्हा पुन्हा चुना लावावा लागतो तो म्हणून.

चर्चं तीन: सेंट फ्रान्सिस (1593), सेंट थॉमस (1598) आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं सेंट पॉल, जे 1610 मध्ये पुरं झालं. पहिल्यात पुढे इस्पितळ आलं, दुसऱ्यात संग्रहालय; मोठी उपासना आता सेंट पॉलमध्येच. वेळ कमी असेल तर दर्शनी भागासाठी आणि आतल्या लाकडी कोरीवकामासाठी हेच पाहा.

पोर्तुगीजांचा धंदा मात्र चर्चचा नव्हता. गुजरातच्या जहाजांना कार्ताझ नावाचा परवाना घ्यावा लागे आणि दीवला जकात भरावी लागे. परवाना नसेल तर जहाज जप्त. सतराव्या शतकात सुरत वर आली, डच-इंग्रज आले, 1668 मध्ये ओमानच्या अरबांनी दीव लुटलं आणि नाक्याची मिळकत आटत गेली. उरला तो वाण्यांचा मोझांबिकशी व्यापार: इथून कापड, तिथून हस्तिदंत. त्याच वाटेने पुढे दीवची माणसं आफ्रिकेत गेली.

डिसेंबर 1961 मध्ये गोवा आणि दमणबरोबर दीवही मुक्त झालं. आयएनएस दिल्ली या युद्धनौकेने किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. पोर्तुगालने हे मान्य केलं ते 1974 मध्ये. त्याच्या कायद्यानुसार 1961 पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, म्हणून अनेक कुटुंबांतलं कोणी ना कोणी लिस्बन किंवा इंग्लंडात असतं. 1987 मध्ये गोवा राज्य झालं तेव्हा दमण-दीव वेगळं राहिलं. 26 जानेवारी 2020 पासून ते दादरा-नगरहवेलीसह एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

नाका अजून आहे, फक्त माल बदलला. मुंबईहून रेल्वेने वेरावळ, तिथून रस्त्याने ऊना आणि दीव. म्हणजे येता-जाता गुजरात लागतंच, आणि तिथे दारूबंदी. दीवमध्ये दारू उघड मिळते. तड आणि घोघला या ठिकाणांच्या बाजूने बाहेर पडताना गाड्या तपासतात, आणि बाटली सीलबंद असली तरी परवान्याशिवाय ती गुन्हाच ठरते.