खोली बदलली, तशी फुले बदलली

इकेबाना ही जपानी पुष्परचना शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याला बहुधा फुलांच्या निवडीआधी मोजमाप शिकावे लागते. सोगेत्सु घराण्याच्या उभ्या मूळ रचनेत भांड्याचा व्यास आणि उंची यांची बेरीज करून तिच्या दीडपट ते दुप्पट लांबीची मुख्य फांदी कापतात. दुसरी फांदी पहिलीच्या पाऊणपट, तर तिसरी दुसरीच्या पाऊणपट किंवा निम्मी असते आणि या तिन्ही फांद्या उभ्या रेषेपासून अनुक्रमे सुमारे १५, ४५ व ७५ अंशांत झुकवतात. निसर्गाची ओढ असलेल्या कलेत हा बांधकामाच्या आराखड्यासारखा काटेकोरपणा कुठून आला, हे समजून घ्यायचे तर फुले ज्या वास्तूंत ठेवली गेली, त्या वास्तूंकडे पाहावे लागते.

या कलेचे मूळ बुद्धमूर्तीपुढे वाहिल्या जाणाऱ्या फुलांत आहे. क्योटोतील रोक्काकुदो या षट्कोनी मंदिराच्या पुरोहितांकडे ही सेवा होती आणि त्यांच्यातूनच इकेनोबो हे सर्वांत जुने घराणे उभे राहिले. त्यांतील सेन्केई या पुरोहिताने मांडलेली फुले पाहायला लोकांनी गर्दी केल्याची नोंद १४६२ सालच्या एका रोजनिशीत सापडते. याच सुमारास सरदार आणि मठाधिपतींच्या निवासांत ‘शोइन’ ही नवी शैली रूढ होत होती. तातामी चटयांनी झाकलेली जमीन, सरकत्या दारांतून येणारा मऊ उजेड आणि एका भिंतीत खोलगट कोनाडा, म्हणजे टोकोनोमा, ही तिची लक्षणे होत. शोगुन, म्हणजे लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमासाच्या क्योटोतील निवासात १४८६ साली बांधलेली साडेचार तातामींची खोली आजही उभी आहे, आणि पुढच्या चहाखोल्यांचे, म्हणजे चहाविधीच्या खोल्यांचे, मूळ तिच्यात पाहिले जाते.

टोकोनोमाने फुलांना चौकट दिली. मागे चित्राची गुंडाळी, खाली किंचित उंचावलेली फळी आणि समोर जमिनीवर बसलेला पाहुणा, अशी मांडणी ठरून गेल्यावर रचनेला दर्शनी बाजू आली, तिची उंची पाहणाऱ्याच्या नजरेशी जुळवावी लागली आणि फांद्यांभोवतीची मोकळी जागाही रचनेचाच भाग बनली. सोळाव्या शतकात इकेनोबो सेन्नोने नुसत्या सुंदर फुलांवर न भाळता डोंगर, माळ आणि पाणवठ्यावर झाडे जशी वाढतात तसे त्यांचे रूप दाखवण्याचा आग्रह धरला. वाळलेली फांदीही त्याला वर्ज्य नव्हती. या विचारातून बहरलेल्या ‘रिक्का’ शैलीत एकाच पात्रात शिखर, धबधबा, टेकडी आणि पायथा सुचवला जाई. वास्तूची शिस्त आणि निसर्गाची वळणे यांचा इतका घट्ट मेळ मला तरी दुसऱ्या कोणत्याही घरगुती कलेत दिसलेला नाही.

चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याने चहाची खोली दोन तातामींपर्यंत आक्रसली. एवढ्याशा जागेत भव्य रिक्का मावणे शक्यच नव्हते. तिथे बांबूच्या साध्या नळीत एखादेच रानफूल पुरे झाले. पुढे एदो काळात (१६०३–१८६८) व्यापारी आणि नगरवासी यांच्या घरांतही टोकोनोमा पोहोचला, तेव्हा मोजक्या फांद्यांची, तीन मुख्य रेषांवर उभी असलेली ‘शोका’ लोकप्रिय झाली. आज शिकवल्या जाणाऱ्या तीन फांद्यांचे नाते तिच्याशी आहे.

मेइजी काळात (१८६८–१९१२) घरांत टेबल-खुर्च्या आणि बाजारात पाश्चात्त्य फुले आली. ओहारा उन्शिन याने उथळ, पसरट भांड्यात फुले रचण्याची ‘मोरिबाना’ पद्धत काढली. खिळ्यांसारखे दाट काटे असलेल्या जड केन्झानवर फांद्या रोवल्यामुळे त्यांना हवा तो कोन देता येऊ लागला आणि भांड्यातले उघडे पाणी तळ्याकाठच्या दृश्याचा भाग झाले. त्याच काळात या कलेवर इंग्रजीत सविस्तर ग्रंथ लिहिणारा जोसाया कॉन्डर हा वास्तुविशारदच होता, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे. टोकियोतील रोकुमेइकान (१८८३) ही त्याचीच इमारत, आणि जपानच्या पहिल्या पिढीतील आधुनिक वास्तुविशारदांना त्यानेच घडवले.

१९२७ साली सोगेत्सु घराणे स्थापन करणाऱ्या तेशिगाहारा सोफूने फुलांना टोकोनोमातून पुरते बाहेर काढले. रचना कुठेही, कोणीही, कोणत्याही साहित्याने करावी, असे मानणाऱ्या या शिल्पकारवृत्तीच्या कलावंताने लोखंड आणि दगडही वापरले. घराण्याची टोकियोतील इमारत दोन्ही वेळा, १९५८ आणि १९७७ साली, वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी रचली. दुसऱ्या इमारतीच्या प्रवेशदालनात शिल्पकार इसामु नोगुची यांनी पायऱ्यापायऱ्यांची पाषाणबाग उभारली. तिच्यावरून पाणी वाहते आणि तिच्याच टप्प्यांवर पुष्परचना मांडल्या जातात. सोफूचा मुलगा हिरोशी याने चिरलेल्या बांबूंचे, आतून चालत जाता येईल असे बोगदे उभारले. या घराण्यात विद्यार्थी मोजमापाच्या पाठांपासून सुरुवात करतो आणि पुढे भिंतीवरच्या, छतावरून टांगलेल्या, केन्झानविना उभ्या राहणाऱ्या रचनांकडे वळतो, आणि तिथे फांदी कापण्याआधी त्याला ती जागा नीट पाहावी लागते.