सोय मागायला ४० टक्के लागत नाहीत

ऑटिस्टिक कर्मचाऱ्याने बसायची जागा बदलून मागितली की एचआरचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: ‘यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आहे का? किती टक्के?’ प्रश्न चुकीच्या खिडकीवरचा आहे. टक्केवारी लागते आरक्षणाला. मागितलेली आहे ती वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून केलेला बदल.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवतो. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविध दिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. त्यासाठी लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के, प्रमाणित असावं लागतं.

वाजवी सोयीच्या व्याख्येत हा आकडाच नाही. अट एवढीच, की बदल गरजेचा आणि योग्य असावा आणि मालकावर त्याचा अवाजवी बोजा पडू नये. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. अर्जदाराचं दिव्यांगत्व ६ टक्के ठरलं होतं, तरी परीक्षेत त्याला लेखनिक नाकारणं चूक ठरलं.

खासगी कंपनीत मात्र जरा जपून. सोय देण्याचं थेट बंधन घालणारं कलम २० सरकारी आस्थापनांपुरतं आहे. खासगीत धागा धरायचा तो कलम २१ चा: समान संधी धोरण. २० किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात सुविधांची माहिती आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक हवी. आधी ते धोरण मागवा, मग अर्ज करा.

अर्ज फसतो तो बहुतेकदा शब्दांमुळे. ‘मला गोंगाट सहन होत नाही’ असं लिहिलं की उत्तर येतं, ‘तो कुणाला होतो?’ त्याऐवजी अडथळा, कामावरचा परिणाम, नेमका बदल आणि फेरआढाव्याची तारीख द्या. उदाहरणार्थ: ‘माझं टेबल पँट्रीच्या दाराशी आहे. सतत आवाज असल्याने आकडे तपासताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. कोपऱ्यातली जागा आणि हेडफोन वापरायची परवानगी मिळावी. सहा आठवड्यांनी आढावा घेऊ.’ तोंडी सूचना निसटत असतील तर ‘मीटिंगनंतर कामांची यादी त्याच दिवशी ईमेलवर’ असं मागा. ‘संवाद सुधारावा’ या मागणीचं कुणीच काही करू शकत नाही.

मानसशास्त्रज्ञाचा अख्खा अहवाल जोडू नका. त्यात बालपणापासूनचा तपशील असतो, आणि फाइल कोणाकोणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात नसतं. निदान आणि कामाशी संबंधित गरजा सांगणारं डॉक्टरांचं एक पानी पत्र जोडा. तोंडी कबुलीवरही थांबू नका. मॅनेजर बदलला की ती हवेत विरते. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी ‘आज ठरल्याप्रमाणे’ असा ईमेल टाका.

खर्च तुमच्याकडून मागितला तर या कायद्याखालचे केंद्राचे २०१७ चे नियम दाखवा: सोयीचा खर्च, पूर्ण किंवा अंशतः, दिव्यांग व्यक्तीला सोसायला लावता येत नाही. भेदभाव झाला असं वाटलं तर आस्थापना प्रमुखाकडे लेखी तक्रार करा. त्यावर कारवाई किंवा लेखी कारण मिळायला हवं. तेही नाही झालं तर महाराष्ट्रात पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येतं; आयुक्तांनी तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची असते. तिथे जाताना धोरणाची प्रत, अर्ज आणि सगळे ईमेल तारीखवार लावून न्या.