वॉटसन्स हॉटेल

मुंबईच्या फोर्ट भागात काळा घोड्याजवळ असलेली, बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्यावर उभारलेली पाच मजली व्यापारी इमारत. आजचे नाव एस्प्लनेड मॅन्शन. आराखडा इंग्लिश अभियंते रोलँड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्थानकाच्या भव्य छतातही त्यांचा वाटा होता.

बांधकामाच्या काळाबद्दल मतभेद आहेत. १८६०–६३ ही वर्षे अनेक ठिकाणी दिलेली आढळतात. पण फोर्टचा तट पाडण्याचे काम बार्टल फ्रिअर १८६२ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाल्यावर मार्गी लागले आणि एस्प्लनेडलगतचे (तटाबाहेरच्या मोकळ्या मैदानालगतचे) भूखंड त्यानंतर मोकळे झाले. जागेचा भाडेपट्टाही १८६७ चा आहे. त्यामुळे १८६७–६९ हा काळ अधिक ग्राह्य वाटतो. इमारत उभारणारे जॉन वॉटसन हे कापडाचे व्यापारी. त्यांचा मूळ बेत दुकान व कार्यालयाचा असावा. हॉटेल १८७१ च्या सुमारास सुरू झाले.

खांब, तुळया आदी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले व जागेवर जोडले. बीड दाब उत्तम पेलते, ताण मात्र सोसत नाही. म्हणून खांबांसाठी ते योग्य ठरते. येथे भार सांगाड्यावर आहे, विटांच्या भिंती केवळ भराव आहेत. समोरच्या पदपथावरून पाहिले की हे लगेच उमजते: सडपातळ खांबांच्या रांगा मजल्यामागून मजला वर चढत जातात आणि त्यांच्यामधून सलग सज्जे धावतात. दगडी मुंबईत हा हलकेपणा विलक्षणच होता. मध्यभागी काचेच्या छताचा चौक होता.

‘जगातील पहिली लोखंडी इमारत’ हा तिच्याबद्दलचा दावा मर्यादित अर्थानेच घ्यावा. इंग्लंडमधील श्रूजबरीजवळच्या डिदरिंग्टन गिरणीत (१७९७) आतला सांगाडा लोखंडी असला तरी बाहेरच्या भिंती विटांच्या आणि भारवाहक आहेत. मात्र इंग्लंडमधीलच शीअरनेसचे नौकागार (१८५८–६०) पूर्ण लोखंडी सांगाड्याचे आहे. भारतात टिकून राहिलेल्या अशा इमारतींपुरते बोलायचे, तर वॉटसन्सचे अग्रस्थान बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

७ जुलै १८९६ रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ येथे झाला. हॉटेल बंद पडल्यावर खोल्यांची घरे व कार्यालये झाली, सज्जेही जागोजागी बंदिस्त झाले. २००५ मध्ये इमारतीचा काही भाग कोसळला. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती पाडण्याची शिफारस केली. संवर्धनतज्ज्ञांनी विरोध केला. सुटे भाग जोडून उभारलेल्या सांगाड्याचे निकामी भाग बदलता येतात, हा मुद्दा येथे निर्णायक मानायला हवा.