गर्भपातासाठी नवऱ्याची सही लागते का?

'नवऱ्याच्या सहीशिवाय गर्भपात होत नाही, तसा कायदाच आहे,' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. कायदा तसं म्हणत नाही.

मुंबईत वैद्यकीय विद्यार्थ्यांना नीतिशास्त्र शिकवताना हा समज हमखास समोर येतो. वर्गात लातूरची मुलं असतात, भेंडीबाजारातली असतात, ईशान्येकडचीही असतात. अनेकांच्या घरी दवाखान्याच्या कागदांवर थोरलेच सही करतात. तेच नियम असणार, असं वाटणं साहजिक आहे.

मग आम्ही 1971 चा वैद्यकीय गर्भपात कायदाच (एमटीपी ॲक्ट) उघडतो. कलम 3, पोटकलम 4 : गर्भवतीच्या संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही. ती 18 वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. त्या पोटकलमात नवऱ्याचा शब्दही नाही. किती आठवडे, किती डॉक्टरांचं मत, या अटी वेगळ्या आणि त्या पाळाव्याच लागतात.

संमतीचा कागद म्हणजे 'फॉर्म सी'. एक विद्यार्थिनी त्यावर बोट फिरवत नवऱ्याच्या सहीची जागा शोधत होती. 'कोणाची मुलगी किंवा पत्नी' एवढंच विचारलेलं सापडलं. म्हणजे नाव, परवानगी नव्हे. माझ्या मते गोंधळ बराचसा इथूनच होतो. शिवाय पुढे नातेवाइकांशी वाद नको म्हणून काही ठिकाणी जादा सही घेतात. ती सवय झाली, कायदा नव्हे.

कायदा सरकारी संकेतस्थळावर मोफत वाचता येतो. कोणी सही मागितलीच, तर 'कोणत्या कलमाखाली?' असं शांतपणे विचारावं.