दीर्घकालीन वेदना आणि अपघाताची नुकसानभरपाई

अपघातात झालेली जखम भरली, हाड जुळले, तरी दुखणे गेले नाही, तर त्या दुखण्यापोटी जखमी व्यक्ती कायद्याने भरपाई मागू शकते. रस्त्यावरील अपघात असेल तर हा दावा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. कोर्टाच्या आवारात त्याला न्यायाधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून सरसकट 'एमएसीटीची केस' म्हणतात. अपघात जिथे झाला तिथे किंवा जखमी जिथे राहतो तिथेही तो दाखल करता येतो.

तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन म्हणते. मानेला बसलेला हिसका, दबलेली नस, रॉड घातलेला पाय ही नेहमीची कारणे. सर्वांत अवघड प्रकार 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम'चा. मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरनंतर हात सुजतो, त्याचा रंग पालटतो आणि सदऱ्याची बाही घासली तरी आग होते. एक्स-रेत मात्र हाड नीट जुळलेले दिसते. विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत नेमके तेवढेच विचारतो: "हाड जुळले आहे ना?" डॉक्टर "हो" म्हणतात, आणि दावा निम्मा ढिला पडतो.

जखमीची भरपाई कशी मोजावी हे सर्वोच्च न्यायालयाने 'राजकुमार विरुद्ध अजय कुमार' (२०११) या निकालात मांडले. उपचारांचा खर्च, बुडालेली कमाई, पुढे घटणारी कमाई आणि पुढील उपचार एका बाजूला. वेदना व यातना, आयुष्यातील सुखांना मुकणे आणि आयुर्मान घटणे दुसऱ्या बाजूला. वेदनेसाठी वेगळा रकाना आहे म्हणून दावेदार सगळी भिस्त त्याच्यावर ठेवतो. तिथे एकरकमी आणि बहुधा बेताची रक्कम मिळते. १०० टक्के अपंगत्वाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या सदराखाली १५ लाख रुपये दिले, पण तो अपवाद समजावा.

खरा पैसा 'पुढे घटणाऱ्या कमाई'त असतो. 'राजकुमार' निकालातलेच उदाहरण बोलके आहे. डावा हात तुटला तर शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास धरले जाईल. पण माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकूही शकते. वेदनेलाही हेच लागू करता येते. समजा, ३२ वर्षांचा गवंडी महिना २०,००० रुपये कमावतो. वर्षाचे २,४०,०००, भविष्यातील वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. कमाईतली घट २० टक्के आणि वयानुसार गुणक (वर्षाची घट जितक्या पटीने मोजायची तो आकडा) १६ धरला तर १०,७५,२०० रुपये होतात. घट ५ टक्केच मानली तर २,६८,८००. पाटी उचलताना खांद्यात येणारी कळ कोर्टाला पटली की नाही, यावर आठ लाखांचा फरक पडतो.

ही टक्केवारी अपंगत्वाच्या दाखल्यापासून सुरू होते, आणि दाखल्याची पद्धत सांध्याची हालचाल व स्नायूंची ताकद मोजण्यावर उभी आहे. २००१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत पायाच्या अपंगत्वात वेदनेला जादा गुण, म्हणजे जादा टक्के, होते: सौम्य ३, मध्यम ६, तीव्र ९. शिवाय बाक, बधिरता वगैरे धरून असे जादा गुण १० च्या वर जाऊ द्यायचे नाहीत. रात्रभर झोपू न देणाऱ्या ठणक्याचे मोल नऊ टक्के!

नुसता दाखला जोडून भागत नाही. तो देणारा किंवा उपचार करणारा डॉक्टर साक्षीला यावा लागतो. मराठीत कळ, ठणका, सणक, चमक, ठसठस असे वेगवेगळे शब्द असले तरी केसपेपरवर 'पेन प्लस' (दुखते आहे) एवढेच पडते. म्हणून पेन क्लिनिकच्या नोंदी, फिजिओथेरपीच्या पावत्या, मालकाचे हजेरीपत्रक आणि काम बदलल्याचा पुरावा यांना वजन येते. मध्ये आठ महिने औषधाची एकही चिठ्ठी नसेल, तर दुखणे थांबले होते असाच अर्थ काढला जातो. पैसे संपल्याने उपचार सोडले, हे सांगूनही फारसा उपयोग होत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. दुखणे कायमचे आहे की नाही हे सहा महिन्यांत कळतेच असे नाही, त्यामुळे दावा आधी दाखल करून अपंगत्वाचा पुरावा मागाहून देणे श्रेयस्कर. कामावरच्या अपघाताची वाट निराळी: १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या चौकटीत मुदत दोन वर्षांची होती, पण वेदनेसाठी वेगळे सदरच नव्हते. भरपाई फक्त कमाईच्या क्षमतेवर.

मोटार अपघातात निवाडा एकदाच होतो. दुखणे वाढले म्हणून पुन्हा दावा करता येत नाही, त्यामुळे पुढच्या इंजेक्शनांचा आणि गोळ्यांचा खर्च पहिल्याच वेळी मागावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 'नागप्पा' निकालाने (२००३) स्पष्ट केले आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर त्या निवाड्यावर अपीलही नसते.